भाच्याने टाकलेली २७ प्लगइन

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या वहीतले वऱ्हाडी पदार्थ मी तीन वर्षांपासून वर्डप्रेसच्या ब्लॉगवर लिहिते. ११० पदार्थ झाले. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला आणि त्याने ब्लॉग ‘सुधारून’ दिला, म्हणजे २७ प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) टाकली आणि परत गेला. आता पान उघडेपर्यंत फोडणी करपते. कमेंटमध्ये जुगाराच्या जाहिराती येऊन पडतात. वाचक मात्र तेवढेच, दिवसाला तीस-चाळीस. कुठली ठेवू, कुठली काढू? आणि वाचक वाढवणारं एखादं खात्रीचं प्लगइन आहे का? यादी जोडली आहे. (राइट-क्लिक बंद करणारं मात्र मीच मागून घेतलं. लोक पदार्थ उचलतात हो.)
— एक वाचक, अकोला

उत्तर : यादी वाचली. पानावर बर्फ पाडणारं प्लगइन अकोल्याच्या ब्लॉगवर पाहून हसू आवरलं नाही. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की ते परत सुरू करा, तोवर काढा.

भाच्यावर रागावू नका. मीही त्याच वाटेने गेले आहे. माझा झाडांवरचा ब्लॉग २०११ पासूनचा. २०१६ मध्ये त्यावर ३१ प्लगइन होती आणि त्याचा मला अभिमान होता. हरतालिकेच्या रात्री, उद्या पत्रींवरचा लेख टाकायचा म्हणून, मी एका दमात ११ प्लगइन अद्ययावत केली आणि ब्लॉग पांढराफटक झाला. ना लेख, ना चूक सांगणारी ओळ. होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर ब्लॉग असतो त्यांना, फोन लावला, तर त्यांच्याकडे गणपतीची सुट्टी. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर; म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कडी ओढून घेतल्यासारखं. शेवटी रात्री दीडला एका ओळखीच्या मुलाने फोनवर सांगितलं : होस्टिंगच्या पॅनलमध्ये जा, फाइल मॅनेजर उघडा, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरातल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरचं नाव बदला. बदललं. सगळी प्लगइन एकदम बंद पडली आणि ब्लॉग उठून बसला. मग नाव पूर्ववत करून एकेक सुरू करत गेले. चौदाव्याला पुन्हा पांढरं. चोर सापडला. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी चुकार प्लगइनचं नाव ईमेलने कळवतं, त्यामुळे तुमच्यावर ती रात्र बहुधा येणार नाही. पण फोल्डरची युक्ती वहीत लिहून ठेवा. सासूबाईंच्या वहीत लिहिलीत तरी चालेल.

आता यादी. सगळ्यात आधी बॅकअप घेणारं अपड्राफ्टप्लस टाका आणि बॅकअप तुमच्या गूगल ड्राइव्हवर जाईल असं करा. तो झाला याची खात्री पटेपर्यंत कशालाही हात लावू नका. मग काढायला घ्या.

पहिली तीन डोळे मिटून निघतील, कारण ती जे करतात ते वर्डप्रेस आता स्वतःच करतं. गूगलला पानांची यादी देणारा साइटमॅप आणि खाली सरकल्यावरच फोटो उतरवून घेण्याची सोय, दोन्ही २०२० च्या ५.५ आवृत्तीत आली. तिसरं फॉन्टचं. २०२४ च्या ६.५ पासून फॉन्टची पेटीच आत आहे. तिथून मुक्ता घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा देवनागरी फॉन्ट फोनवर बारीक अक्षरातही जोडाक्षरं मोडत नाही. स्लायडर, ‘आपण अमुकावे पाहुणे’ सांगणारा आकडा, पान उघडताच तोंडावर आपटणारी खिडकी : तिन्हीला निरोप. फेसबुकवर आपोआप टाकणारं प्लगइन तुमच्याकडे बहुधा काहीच करत नसेल, कारण ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने वैयक्तिक खात्यावर असं बाहेरून टाकणं बंद केलंय. ते फक्त पेजवर चालतं, आणि पेज तुमच्याकडे नाही.

कॅशेची, म्हणजे तयार पान साठवून पटकन दाखवणारी, दोन आहेत. ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. होस्टिंगवाल्यांना एवढंच विचारा, ‘तुमचा सर्व्हर लाइटस्पीडचा आहे का?’ हो म्हणाले तर लाइटस्पीड कॅशे ठेवा, नाही म्हणाले तर डब्ल्यूपी सुपर कॅशे. एसईओचीही, म्हणजे गूगलच्या शोधात पान नीट दिसावं म्हणून असतात तीही, दोन दिसतात, योस्ट आणि रँक मॅथ. दोन्ही एकाच पानाला आपापलं शीर्षक आणि वर्णन चिकटवत बसतात. कुठलंही एक. योस्टचा पडदा मला सवयीचा, म्हणून मी ते ठेवते. याहून मोठं कारण नाही.

पण योस्टचा हिरवा दिवा! आपण त्याला सांगितलेला शब्द लेखात पुरेसा दिसला की तो लागतो. तो लागावा म्हणून तुम्ही एका लेखात ‘गोळाभात’ हा शब्द १९ वेळा लिहिलाय. मी मोजले. दोष तुमचा नाही. योस्टला मराठीची विभक्ती कळत नाही. तुम्ही ‘गोळाभाताला’, ‘गोळाभातावर’, ‘गोळाभातासोबत’ लिहिलंत की ते म्हणतं, हा शब्द लेखात कुठे दिसत नाही. मग माणूस ‘गोळाभात वर कढी घ्या’ असलं काहीतरी लिहायला लागतो. सासूबाई असं बोलल्या असत्या का? दिवा लाल राहू दे. योस्टकडून तीनच कामं घ्या : शोधात दिसणारं शीर्षक, खालचं दोन ओळींचं वर्णन आणि शेअर केल्यावर दिसणारं चित्र.

त्या चित्राकडे लक्ष द्या, कारण तुमचे वाचक व्हॉट्सअ‍ॅपवरून येणार आहेत. नुसती निळी लिंक आली की ती कुणी उघडत नाही. खाली वाफाळत्या ताटाचा फोटो आला की उघडतात. फोटो जड असला की तो तिथे उमटतच नाही. मी १२०० बाय ६३० पिक्सेलचा आणि ३०० केबीच्या आतला ठेवते. तुमचे फोनवरून थेट चढवलेले फोटो चार-पाच एमबीचे आहेत आणि एका पानावर १४. पान उघडेपर्यंत फोडणी करपण्यामागे २७ प्लगइनपेक्षा या फोटोंचाच हात मोठा आहे! स्मश नावाचं प्लगइन जुने फोटो हलके करून देईल. नवे मात्र चढवण्याआधीच लहान करा, आणि १४ ऐवजी पाच पुरेत. गोळे वळतानाचा एक, वाफवल्यावरचा एक, वर कडकडीत तेल घालतानाचा एक आणि ताटाचे दोन.

आता एक गोष्ट सांगते, जिला कुठलंच प्लगइन लागत नाही आणि जी बहुतेक मराठी ब्लॉगांवर चुकलेली असते. तुम्ही शीर्षक देता ‘सासूबाईंच्या हातचा वऱ्हाडी गोळाभात’. वर्डप्रेस त्यावरून पानाचा पत्ता तयार करतं. त्या पत्त्यात आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी नऊ नऊ चिन्हांची होते : टक्का, मग ई आणि शून्य, पुन्हा टक्का, असं. पत्त्याला जागा २०० चिन्हांची. म्हणजे साधारण २२ खुणा मावल्या की खलास. तुमचा पत्ता ‘सासूबाईंच्या-हातचा-वऱ्हा’ इथे तुटलाय. गोळाभात त्यात आलाच नाही! आणि लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की चार-पाच ओळी टक्क्यांचा कचरा दिसतो. लोकांना वाटतं व्हायरस आहे. लेख लिहिताना उजवीकडे पत्त्याचा रकाना असतो, तिथे रोमन अक्षरांत ‘वऱ्हाडी-गोळाभात’ एवढंच हाताने लिहा. जुन्या लेखांचेही बदला. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला वर्डप्रेस आपणहून नव्या पत्त्यावर पोचवतं. रोज पाच केलेत तर २२ दिवसांचं काम. योस्ट यावरही नापसंतीचा दिवा लावेल, कारण पत्त्यात मराठी शब्द नाही. लावू दे.

जुगाराच्या कमेंट : वर्डप्रेससोबत अकिस्मेट येतं. ते कमाई नसलेल्या वैयक्तिक ब्लॉगला फुकट आहे. तुमच्या ब्लॉगवर कमाईच्या जाहिराती दिसल्या, तेव्हा त्या नियमात तुम्ही बसत नाही. अँटिस्पॅम बी घ्या. जर्मनीतल्या लोकांनी केलंय, पैसे पडत नाहीत. सेटिंगमधल्या ‘चर्चा’ या भागात जुन्या लेखांवरच्या कमेंट काही दिवसांनी आपोआप बंद करायची खूणही आहे, ती करून टाका.

राइट-क्लिक. इथे माझं तुमच्याशी भांडण आहे. चोरणारा स्क्रीनशॉट काढतो, नाहीतर ब्राउझरमधून दोन मिनिटांत मजकूर उचलतो. त्याला कुलूप दिसतही नाही. अडतं कोण? अमरावतीची एखादी सून, जिला फक्त जिन्नसांची यादी कॉपी करून नवऱ्याला पाठवायची आहे, येताना घेऊन ये म्हणून. तुमचं नाव जाणारा तो रस्ता तुम्हीच बंद केलात. माझा करंजावरचा लेख माझ्या नावाशिवाय मलाच तीन ग्रुपवर आला, तेव्हा मीही हे कुलूप लावलं होतं. आठ महिन्यांनी काढलं. आता फोटोवर कोपऱ्यात ब्लॉगचं नाव घालते आणि मजकुराच्या मधेच एखादं वाक्य असं लिहिते की ते उचललं तर मीही सोबत उचलली जाते. ‘आमच्या परसातल्या करंजाखाली’ असं. तुमच्याकडे सासूबाई आहेतच, प्रत्येक पदार्थात.

त्याऐवजी डब्ल्यूपी रेसिपी मेकर टाका. याच्या फुकट आवृत्तीत जिन्नस, कृती, वेळ यांचं वेगळं कार्ड होतं, त्याची छापील प्रत काढता येते, आणि हा मजकूर म्हणजे पाककृती आहे हे गूगललाही समजतं. ११० पदार्थ एकदम भरायला बसू नका. सगळ्यात जास्त वाचले जाणारे दहा आधी.

म्हणजे राहिली सहा : अपड्राफ्टप्लस, योस्ट, एक कॅशे, अँटिस्पॅम बी, स्मश आणि रेसिपी मेकर. बंद केलेली नुसती ठेवू नका, पुसून टाका. वाचक वाढवणारं प्लगइन मात्र मी आजवर पाहिलेलं नाही. आलेला वाचक परत यावा यासाठी नवा लेख ईमेलने पाठवणारं जेटपॅक किंवा मेलपोएट पुढे घ्या, महिन्याभराने, हे सगळं नीट चाललं तर.

प्रश्न : माझा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर आहे, २००९ पासून. त्यावर योस्ट कसं टाकायचं? आणि ‘ईमेलने मिळवा’चा डबा होता, तो चालत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही टाकता येत. ब्लॉगरवर प्लगइन नसतात, गॅजेट असतात. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यातही प्लगइन टाकता येत नाहीत; त्यासाठी पैसे भरायचे किंवा आपलं होस्टिंग घ्यायचं. तुमचा डबा फीडबर्नरचा होता. त्याची ईमेल सेवा गूगलने जुलै २०२१ मध्ये बंद केली. डबा काढून टाका; त्यात पत्ता भरून लोक अजून वाट बघत असतील.

प्रश्न : पैसे भरून मिळणारं प्लगइन टेलिग्रामवर फुकट मिळतंय. टाकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. सरळ दारातून आलेल्यांचीही खात्री नसते. डिस्प्ले विजेट्स नावाचं साधं, वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतलं प्लगइन दोन लाख ब्लॉगांवर होतं. २०१७ मध्ये मूळ मालकाने ते विकलं आणि नव्या मालकाने त्यात असा कोड घातला की लोकांच्या ब्लॉगवर परस्पर जाहिरातींची पानं छापली जाऊ लागली, तीही ब्लॉगवाल्याला दिसणार नाहीत अशी. त्या सप्टेंबरात ते यादीतून कायमचं काढलं. ही यादीतल्या प्लगइनची कथा. टेलिग्रामवर कुलूप फोडून वाटणाऱ्याला तुमच्या ब्लॉगचं भलं करायची हौस का असेल?

फुकट हवं असेल तर अधिकृत यादीतलंच दुसरं शोधा, आणि टाकण्याआधी ते शेवटचं कधी अद्ययावत झालं ती तारीख बघा. वर्ष उलटलं असेल तर पुढचं बघा.