वाचकांचे प्रश्न : हॉलमध्ये मोठा गालिचा घेताना

प्रश्न : आमचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगर भागात असून हॉल 11 फूट रुंद आणि 17 फूट लांब आहे. लांब भिंतीला टेकून एल आकाराचा सोफा आहे. त्याची मोठी बाजू 10 फूट असून बैठक पाठीसकट 3 फूट रुंद आहे, तर बाल्कनीकडची आडवी बाजू भिंतीपासून 6 फूट पुढे येते. तिच्यामागे बाल्कनीच्या दारापर्यंत अडीच फूट जागा सोडली आहे. समोरच्या भिंतीला दीड फूट खोल टीव्ही युनिट असून मुख्य दार दुसऱ्या टोकाला आहे. थंडीत व्हिट्रिफाइड फरशी फार गार पडते, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलगा नुकताच रांगू लागला आहे. दुकानदार 5 बाय 7 चा गालिचा पुरेल म्हणतात, तर यजमानांना भिंतीपासून भिंतीपर्यंत हवा आहे. कोणते माप आणि कोणता प्रकार घ्यावा? तो मांडावा कसा?
एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गालिच्याचे माप खोलीच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर बैठकीच्या मांडणीवरून ठरवावे. सोफ्याच्या दोन्ही बाजूंचे पुढचे पाय गालिच्यावर साधारण 9 इंच आत यावेत, म्हणजे सोफ्याच्या वजनाने गालिचा जागचा हलत नाही आणि उठताना पाय फरशीवर पडत नाही. 5 बाय 7 चा गालिचा आपल्याकडे अगदीच बसणार नाही असे नाही, पण तो सोफ्याखाली सारल्यावर समोर जेमतेम सव्वाचार फूट उरतील, त्यातले बरेचसे टीपॉयच अडवील, आणि मोठ्या बाजूचा शेवटचा पाय फरशीवरच राहिल्याने सोफा किंचित तिरपा होईल.

आपल्यासाठी 6 बाय 9 हे माप योग्य आहे. सोफ्याखाली 9 इंच गेल्यावर समोर सव्वापाच फूट गालिचा मिळतो, टीव्ही युनिटच्या पायाशी सव्वा फूट फरशी मोकळी राहते, आणि मुख्य दाराच्या बाजूला सोफ्याच्या पुढे सव्वा फूट जाऊनही दारापर्यंत सव्वातीन फूट उरतात, म्हणजे 3 फुटांचे दार आत उघडले तरी गालिच्याला घासणार नाही. 8 बाय 10 मात्र टीव्ही युनिटखाली घुसवावा लागेल. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कल्पनेला आमचा स्पष्ट विरोध आहे. आपल्या घरांत फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि जो गालिचा उचलताच येत नाही त्याखालची धूळ आणि पावसाळ्यातली ओल कोणालाच काढता येत नाही.

पैसे देण्यापूर्वी जुनी वर्तमानपत्रे 6 बाय 9 च्या मापात पसरून चिकटपट्टीने जोडावीत आणि घरातल्यांना दोन दिवस त्यावरूनच वावरू द्यावे. कागद कुठे फाटतो ते पाहावे. आमचा अंदाज असा की तो बाल्कनीकडच्या कोपऱ्यात फाटेल, कारण सोफ्याची आडवी बाजू संपल्यावर गालिच्याची सुमारे सव्वादोन फूट कड तिथे उघडी राहते आणि कपडे वाळत घालायला जाणारा प्रत्येक जण तीच ओलांडतो. उचललेल्या कोपऱ्यात ठेच लागते ती बहुधा ज्येष्ठांनाच, म्हणून त्या कोपऱ्याखाली दुहेरी चिकटपट्टी लावावी आणि संपूर्ण गालिच्याखाली, चारही बाजूंनी इंचभर आत राहील असे, नमदा आणि रबराचे अस्तर घालावे. स्वस्त प्लास्टिकच्या जाळीचे चिकट डाग फरशीवर उमटू शकतात.

प्रकाराबाबत सांगायचे तर दुकानात गालिचा आधी उलटा करून पाहावा. भदोही-मिर्झापूर किंवा काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही गाठीगाठीने स्पष्ट दिसते आणि टोकाची झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे धागे असतात. मागे कापड चिकटवलेले असेल आणि झालर वरून शिवलेली असेल, तर तो टफ्टेड गालिचा होय. त्याची लव लॅटेक्सने धरून ठेवलेली असते आणि काही वर्षांनी ते लॅटेक्स सुकून खाली पिठासारखी भुकटी पडू लागते. टफ्टेड घेऊच नये असे नाही, मात्र त्याला हातगाठीच्या गालिच्याची किंमत देऊ नये. हातगाठीचा घेणार असाल तर गुडवीव्हची चिठ्ठी आहे का, हेही विचारावे. 1994 मध्ये रगमार्क या नावाने सुरू झालेली ही व्यवस्था गालिचा बालमजुरीशिवाय विणल्याची खूण म्हणून ओळखली जाते.

रांगते मूल असलेल्या घरात आम्ही आखूड लवेचा लोकरी गालिचा सुचवू. लोकर ऊब धरते आणि दबलेली लव पुन्हा उभी राहते. नव्या गालिच्यातून सुरुवातीचे काही महिने तंतू सुटतात, ते नियमित झाडून काढावेत. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते, दूध सांडले तरी धुता येते आणि मूल मोठे होईपर्यंतची सोय म्हणून ते वाईट नाही, फक्त सोफ्याच्या पायाखाली चेपलेली लव पुन्हा फारशी उठत नाही. ताग दिसायला कितीही देखणा असला तरी घेऊ नये, कारण फरशी पुसताना फडक्याचे पाणी रोज त्याच कडेला लागते आणि तिथे तपकिरी रेघ उमटते.

लोकरीला कसर लागते आणि ती नेमकी सोफ्याखालच्या अंधाऱ्या, न हलणाऱ्या पट्ट्यात लागते. दर सहा महिन्यांनी गालिचा उलट टोकाने फिरवून घातला, तर तो पट्टाही उजेडात येतो आणि झीज सारखी होते. उघड्या हॉलमध्ये डांबराच्या गोळ्यांचा उपयोग नाही, शिवाय लहान मूल असताना त्या जमिनीवर नकोतच. गच्चीवर नेताना गालिच्याची घडी न घालता तो गुंडाळून न्यावा.

रंग मध्यम आणि नक्षीदार असावा. हळद सांडल्यास साबण किंवा सोडा लावू नये, त्याने पिवळा डाग लाल होतो. कोरडी हळद आधी झटकून, उरलेला डाग साध्या पाण्याच्या फडक्याने टिपावा आणि गालिचा उन्हात ठेवावा, कारण उन्हाने हळदीचा रंग उडतो. कुंकवाचे तसे नाही. त्यामुळे हळदीकुंकवाच्या दिवशी गालिच्यावर सोलापुरी चादर अंथरलेली बरी.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या हॉलमध्ये झोपाळा आहे. त्याखाली गालिचा घालावा का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : शक्यतो घालू नये. झोका घेताना पाय जिथून जिथपर्यंत जातो, त्या संपूर्ण टप्प्यात गालिच्याची कड येणार नसेल, तरच घालावा, कारण कड मध्ये आली की पायाची बोटे तिच्यात अडकतात. तेवढा मोठा गालिचा घेतला तरी जिथे पाय रेटला जातो तिथली लव लवकर विरळ होते. पायाला गार लागत असेल, तर झोपाळा थांबवून बसण्यापुरती जाड सुती सतरंजी अंथरावी आणि झोका घेताना ती उचलून ठेवावी.