कर्ज मिळण्याआधी सक्तीचं व्यवसाय-प्रशिक्षण: जावं की टाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धंदा आधीपासून चालू आहे, तो वाढवायला छोटं कर्ज मंजूर होतंय, पण पैसे हातात पडायच्या आधी तीन दिवस ‘व्यवसाय व आर्थिक कौशल्य प्रशिक्षणा’ला बसायची अट आहे. इतकी वर्षं धंदा केल्यावर आता कोण काय शिकवणार, तीन दिवस काम बंद ठेवणं परवडतं का, आणि स्वतः न जाता भावाला पाठवलं तर चालेल का.

मी असेच वर्ग घेते, त्यामुळे माझं मत जरा वर्गाच्या बाजूने झुकणार हे धरून चाला. तरीही सांगते की तिथे जे शिकवतात त्यातलं निम्मं ऐकलं नाहीत तरी तुमचं काही अडणार नाही. उरलेल्या निम्म्यात दोन-तीन कामं अशी असतात की ती कर्ज हातात यायच्या आधीच उरकायला हवीत, आणि घरी एकट्याने बसून ती कुणीही करत नाही. तेवढ्यासाठी जा.

आधी ‘उपयोग होतो का’ हे बघू, कारण या विषयावर जगभर बरंच मोजमाप झालेलं आहे. डेव्हिड मॅकेन्झी या अर्थतज्ज्ञाने २०२१ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा प्रशिक्षणांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने विक्री साधारण ५ टक्के आणि नफा साधारण १० टक्के वाढलेला दिसला. म्हणजे चमत्कार नाही, पण अगदी पाण्यातही गेलं नाही. आता ही सरासरी आहे. काही वर्गांनी काहीच फरक पडला नाही, काहींनी बराच पडला, आणि तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट ही की तो फरक कशामुळे पडतो.

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये एका सूक्ष्मकर्ज संस्थेच्या कर्जदारांवर झालेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं: जमाखर्च, येणी-देणी, खेळतं भांडवल. दुसऱ्या गटाला फक्त ठोकताळे दिले. त्यातला मुख्य ठोकताळा म्हणजे धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या खणात, आणि एका खणातून दुसऱ्यात पैसे न्यायचे झाले तर चिठ्ठी लिहून ठेवायची. हिशेबशास्त्र शिकलेल्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ठोकताळेवाल्यांचे हिशेब सुधारले, आणि मंदीच्या आठवड्यांतली त्यांची विक्रीही सुधारली. आम्हा शिकवणाऱ्यांना हा निष्कर्ष जरा झोंबणारा आहे, कारण हिशेबशास्त्राच्या तक्त्यांवर आम्ही फार प्रेम करतो.

दोन खणांची ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. वर्गात सगळे माना डोलावतात. खरी अडचण पुढच्या आठवड्यात येते, जेव्हा मुलाची फी भरायची असते आणि घरच्या खणात पैसे नसतात. म्हणून त्या ठोकताळ्याला एक जोड हवी: स्वतःचा पगार. धंदा तुमचा असला तरी दर आठवड्याला ठरावीक रक्कम तुम्ही ‘मजुरी’ म्हणून घ्यायची आणि घरच्या खणात टाकायची. ती किती असावी यावर वर्गात अर्धा तास वाद होतो आणि तो झालाच पाहिजे. तेच काम दुसऱ्याकडे करायला गेला असतात तर जेवढे मिळाले असते, तो आकडा सुरुवातीला धरा. मग कित्येकांच्या लक्षात येतं की स्वतःची मजुरी वजा केल्यावर धंद्यात जवळजवळ काहीच उरत नाही. ज्याला आपण नफा म्हणत होतो तो आपल्याच कष्टाचा मोबदला होता. हे कर्ज घ्यायच्या आधी कळणं चांगलं. कारण हप्ता मजुरीतून गेला तर घर उपाशी आणि भांडवलातून गेला तर धंदा उपाशी.

फी भरायचीच असेल तर भरा, पण चिठ्ठी टाका: ‘घरासाठी घेतले’, रक्कम, तारीख. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या मोजल्या की धंदा घराला किती पोसतोय ते आपोआप दिसतं. वही आणि तक्ते नंतरही येतील.

दुसरं काम म्हणजे आठवड्यांचा तक्ता. मला विचाराल तर तीन दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. एका वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. पुढच्या महिन्याचा तक्ता त्यांनी असा मांडला. हातात ४,०००. पहिल्या आठवड्यात ३,००० येणार, कापड-अस्तराला ५,००० जाणार, उरले २,०००. दुसऱ्या आठवड्यात २,५०० येणार, पण नव्या कर्जाचा हप्ता ३,००० आणि भाडं-वीज मिळून २,०००. तिसऱ्या आठवड्यात ३,५०० येणार, मदतनीस मुलीला १,५००. चौथ्यात एका मोठ्या ऑर्डरचे ९,००० एकरकमी. बाईंनी चारही रकाने भरले आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, “महिनाअखेर तर साडेदहा हजार उरतायत की!” खरंच उरत होते. फक्त दुसऱ्या रकान्यात ५०० कमी पडत होते, आणि हप्ता नेमका त्याच रकान्यात होता.

धंदा फायद्यात असूनही हप्ता चुकतो तो असा. आणि मग ते पाचशे भागवायला माणूस शेजारून किंवा सावकाराकडून उचलतो, आणि एकावर एक कर्ज चढायला लागतं. बाईंपुढे तीन रस्ते होते: मोठ्या ऑर्डरवर थोडी आगाऊ रक्कम मागायची, कापड दोन खेपांत आणायचं, किंवा कर्जाचा करार होण्याआधीच हप्त्याची तारीख महिनाअखेरीला मागून घ्यायची. त्यांनी आगाऊ रक्कम मागायचं ठरवलं. करारावर सही झाली की तिसरा रस्ता बऱ्याच ठिकाणी बंद होतो, म्हणून हा तक्ता सहीच्या आधी मांडायचा. एक बारीक गोष्ट: नफा काढताना खर्चात फक्त व्याज धरतात, मुद्दल नाही, या तक्त्यात मात्र अख्खा हप्ता लिहायचा, कारण खणातून जातो तो अख्खा. वर्गात या दोन गोष्टींची सरमिसळ हमखास होते.

याच तक्त्यावरून किती कर्ज झेपेल तेही ठरवा. बहुतेक जण सरासरी महिना धरतात. वर्षातला सगळ्यात मंदा महिना धरा, त्यात घरचा पगार काढून जे उरेल त्यात हप्ता बसला पाहिजे. बसत नसेल तर रक्कम कमी करा किंवा मुदत वाढवून मागा. मंजूर झालंय म्हणून पूर्ण रक्कम उचलायची सक्ती कुणी करत नाही. केलीच, तर तिथेच सावध व्हा.

किंमत ठरवण्याबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही जुने व्यावसायिक आहात आणि तुमचा अंदाज बहुधा बरोबरच असेल. सवलतीचं गणित तेवढं तपासा. ८० ला पडलेली वस्तू १०० ला विकता तेव्हा सुटतात २०. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली की सुटतात १०, म्हणजे नफा निम्मा झाला. आधीइतके पैसे मिळवायला विक्री दुप्पट हवी. ‘दहाच टक्के तर सोडले’ म्हणणाऱ्यांना मी फळ्यावर हे लिहायला लावते.

उधारीचंही तसंच. कर्ज नसताना उधारी ही सवय असते; कर्ज घेतल्यावर तिचा भाव बदलतो. तुम्ही व्याजाने आणलेल्या पैशावर गिऱ्हाईक बिनव्याजी बसलेलं असतं. उधारी बंद करा असं मी म्हणणार नाही, ती बंद केली तर काहींचा अर्धा धंदा बसेल. पण कोणाकडे किती आणि कधीपासून, हे एका पानावर असू द्या, आणि मागचे आल्याशिवाय पुढचे नाही एवढा एक नियम ठेवा.

व्याजाचा भाग मात्र शिकवणाऱ्याकडून पिळून घ्या, कारण कर्ज देणाऱ्याच्याच वर्गात तो कधीकधी घाईने आटोपतात. समजा १०,००० कर्ज, वर्षाची मुदत, १२ टक्के ‘सरळ’ दर. व्याज १,२००, एकूण ११,२००, बारा हप्ते साधारण ९३३ चे. ऐकायला १२ टक्के. पण सहा हप्ते फेडल्यावर तुमच्याकडे जवळपास निम्मीच मुद्दल उरलेली असते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर आकारलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून घेतला तर आणखी वर. म्हणून दोन कर्जांची तुलना टक्क्यांवर करू नका. हातात नेमके किती पडणार आणि शेवटपर्यंत मिळून एकूण किती भरणार, हे दोन आकडे लिहून मागा. मुदत आणि हप्ते सारखे असतील तर दुसरं काही लागत नाही.

बाकीचं? ध्येय-धोरणाचे तक्ते, बलस्थानं-उणिवांचा चौकोन, यशोगाथांच्या चित्रफिती: चहा प्या आणि सहन करा. एक अपवाद सांगते. टोगोमध्ये १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. एका गटाला नेहमीचं व्यवसाय-प्रशिक्षण, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण: शेजाऱ्याच्या दुकानाची नक्कल न करता वेगळं काय देता येईल, अडचण यायच्या आधी तिची सोय कशी करायची, एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा कसं विचारायचं. नेहमीच्या प्रशिक्षणाने नफा ११ टक्के वाढलेला दिसला, पण ती वाढ योगायोगाचीही असू शकेल इतकी कच्ची होती. पुढाकाराच्या प्रशिक्षणाने ३० टक्के. तेव्हा तुमच्या वर्गात कुणी ‘तुमच्याच मालासारखा माल विकणारे पाच जण आहेत, गिऱ्हाइकाने तुमच्याकडेच का यावं’ असं खोदून विचारत असेल, तर ते सत्र चुकवू नका. मीही आधी अशा सत्रांना नाक मुरडायचे.

प्रशिक्षणाने काय होणार नाही तेही ऐकून ठेवा. कर्जाच्या हप्त्यांची आखणीच चुकीची असेल तर वर्गातली शहाणीव कामाला येत नाही. यंत्र घेतलं, त्यातून पैसा सुरू व्हायला दोन महिने लागणार आणि हप्ता पंधरा दिवसांत सुरू, असं असेल तर माणूस यंत्र घेणारच नाही. हप्ता लगेच सुटेल असं काहीतरी किरकोळ करेल. कोलकात्यात नेमकं हेच तपासलं होतं, निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्जदारांच्या एका गटाचा हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू झाला, दुसऱ्याचा दोन महिन्यांनी. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि पुढे त्यांचा नफाही जास्त झाला. त्याच गटात कर्ज थकवणारेही वाढले, म्हणून कर्ज देणारे अशी सवड सहजी देत नाहीत. पण तुमचं कर्ज यंत्रासाठी असेल तर विचारा. मागितल्याशिवाय तर मिळत नाहीच.

काम बंद ठेवण्याबद्दल: सलग तीन दिवसांऐवजी आठवड्यातून एक असे तीन दिवस देता का, ते विचारून बघा. तुमचं नुकसान कमी होईल आणि मधल्या आठवड्यात दोन खणांचा प्रयोग करून अडचणी घेऊन परत येता येईल. जाताना मागच्या महिन्याच्या पावत्या, उधारीची वही, भाड्याचा आणि विजेचा आकडा बरोबर न्या. सरावाच्या काल्पनिक उदाहरणावर तक्ता मांडलात तर घरी गेल्यावर तो कोरा कागदच राहतो. आणि वर्ग संपल्यावर कुणी दुकानात येऊन वही बघणार आहे का, तेही विचारा. एखादी भेट जरी ठरली तरी चिठ्ठ्या टाकायची सवय टिकायला मदत होते.

राहिला भाऊ. तो गल्ल्यावर बसतो का? त्याच्या हातून पैसे आत-बाहेर जातात का? जात असतील तर त्याला पाठवा, पण तुमच्याऐवजी नको, तुमच्याबरोबर. गल्ल्याला दोन हात लागत असतील आणि खणांचा नियम एकालाच ठाऊक असेल तर पहिल्याच आठवड्यात चिठ्ठीवरून भांडण होईल. तो धंद्यात नसेल तर त्याची हजेरी लागेल, प्रमाणपत्र मिळेल, कर्जही मिळेल, आणि आठवड्यांचा तक्ता कुणीच मांडलेला नसेल. मग त्याच्याऐवजी ओळखीचा एखादा धंदेवाला मित्र सोबत घ्या. अहमदाबादमध्ये महिला व्यावसायिकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात काहींना एकटीने, काहींना मैत्रिणीसह बोलावलं होतं. मैत्रिणीसह आलेल्यांनी कर्ज घेऊन ते धंद्यात लावण्याचं प्रमाण जास्त निघालं.