वाचकांचे प्रश्न : घरच्यांनी गटात बसायचं ते कशाला?

प्रश्न : माझ्या 26 वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी भास थांबलेत, पण दुपारी बारापर्यंत लोळत असतो. त्यावरून त्याचे बाबा रोज ओरडतात. डॉक्टर म्हणतात, इतर कुटुंबांबरोबर गटात बसा. चारचौघांत घरची लक्तरं कशाला काढायची? गोवा केवढासा, कोणी ओळखीचं निघालं तर?
– एक आई, फोंडा

उत्तर : ताई, लक्तरं काढायला तिथे कुणी बसत नाही. एका बैठकीत एकाच घरची एक अडचण घेतात. साधारण पाच ते आठ कुटुंबं, दोन प्रशिक्षित समुपदेशक, पंधरवड्यातून दीड तास. त्याआधी प्रत्येक कुटुंबाशी तीनेक वेळा स्वतंत्र भेट होते आणि एक दिवसभर आजाराची माहिती देतात.

बैठकीची पहिली पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा : पाऊस, चवथीची माटोळी, काहीही. आजारपणात येणंजाणं तुटलेल्या माणसांना याची फार गरज असते. मग सगळ्यांची विचारपूस, आणि पुढचा पाऊण तास निवडलेल्या अडचणीवर.

‘हा सुधारत नाही’ ही अडचण घेऊ नका, ती कुणालाच सुटणार नाही. ‘बारापर्यंत उठत नाही’ ही घ्या. सगळे उपाय फळ्यावर लिहायचे. यादी पुरी होईतो कुणी नावं ठेवायची नाहीत, नाहीतर शुभार्थी, म्हणजे आजार असलेली माणसं, तोंडच उघडत नाहीत. मग एकेकाचे फायदेतोटे. निवड तुमच्या घरची, आणि मुलाच्या संमतीनं. समजा असं ठरलं : रात्रीची गोळी जरा लवकर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं. सकाळचा हट्ट तूर्त सोडायचा. संध्याकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला मुलानं फाटकापर्यंत जायचं, पैसे त्याच्याच हातात, आणि बाबांनी मागून सूचना द्यायच्या नाहीत. पुढच्या बैठकीत काय जमलं, कुठे अडलं ते पाहायचं.

बाबांना जरूर न्या. लोळणं हा आळस नव्हे. उमेद आटणं हे आजाराचंच लक्षण आहे, त्यात गोळ्यांची गुंगी. घरच्यांमुळे हा आजार होत नाही. पण सतत टोचून बोलणं असलेल्या घरात तो जास्त वेळा उलटतो, हे लंडनच्या जॉर्ज ब्राउन यांच्या अभ्यासापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आमचं सांगणं बाबांना उपदेश वाटेल. तेच दुसऱ्या शुभार्थीच्या वडिलांनी सांगितलं तर पटतं. आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकातच रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना उपचारात घेतलं होतं.

ओळखीचं म्हणाल, तर गटातलं गटातच ठेवायचं, असं सगळे कबूल करतात. तरी धाकधूक असेल तर दुसऱ्या तालुक्यातला गट आहे का, हे आधीच विचारा. त्यात गैर काही नाही.

प्रश्न : मुलगी यायला तयार नाही. आम्ही दोघंच जाऊ का?
– डिचोली

उत्तर : जा, तिला सांगून जा. संशय बळावलेला असताना ओढून नेऊ नका, तिला सगळे आपल्यावरच टपलेत असं वाटेल. निदान नऊ महिने धरून ठेवा. जरा बरं वाटलं की बैठका सोडायच्या, तिथेच बहुतेक घरं चुकतात. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.