बातमी आधी मराठीत, मग इंग्रजीत

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी मूळची परभणीची, सध्या पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. इंग्लंडला नोकरीसाठी जायचं म्हणून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. इंग्रजी पेपर वाचला तर बऱ्यापैकी समजतो, पण तेच कुणी बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यापासून माझा धागा तुटतो. क्लासचे सर म्हणाले, रोज दोन तास इंग्रजी न्यूज चॅनेल बघ. कितीतरी दिवस बघते आहे, फरक शून्य. माझ्या कानातच काही कमी आहे का?

उत्तर : तुझ्या वयाच्या मुलींना मी वर्षानुवर्षं शिकवलं आहे, म्हणून 'तू' म्हणते. कानात काहीही कमी नाही. वॉर्डात इतके आवाज चालू असताना तुझ्या पेशंटच्या मॉनिटरचा आवाज तुला बरोबर कळतो, कारण तो ओळखीचा आहे. भाषेचंही तसंच आहे. जे आधीपासून माहीत आहे तेच कान पटकन उचलतो.

म्हणून पहिली गोष्ट, ते चॅनेल बंद कर. रात्रीच्या चर्चेत चार माणसं एकाच वेळी बोलतात, मागे संगीत, मध्येच हिंदी. त्यातून कान तयार होत नाही, फक्त थकतो. दोन तास ऐकण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाची एकच बातमी पुरती पिळून काढ.

कशी, ते सांगते. सकाळी मराठी पेपर वाच किंवा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐक. कोण, कुठे, किती, काय ठरलं, एवढं डोक्यात असू दे. मग सव्वाआठला आकाशवाणीचं दिल्लीहून येणारं इंग्रजी बातमीपत्र लाव. पंधरा मिनिटांचं असतं. निवेदक एकटाच, उच्चार स्वच्छ, विषय आपल्याच देशाचे. सुरुवातीला ठळक बातम्या येतात आणि शेवटी त्याच पुन्हा वाचल्या जातात. सुरुवातीला जे निसटलं ते शेवटी पकडायचं, सध्या एवढंच काम. मधलं सगळं समजलं नाही तरी चालेल. सकाळची ड्यूटी असेल तर रात्री नऊचं बातमीपत्र आहेच.

आठवडाभराने वही घे. आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' या संकेतस्थळावर बातमीपत्राचं ध्वनिमुद्रण असतं आणि लिखित मजकूरही असतो. एकच बातमी निवड, ऐक, जसं ऐकू येईल तसं लिही. कळलं नाही तिथे रेघ मार. पुन्हा ऐक, रेघा भर. पुन्हा एकदा ऐक आणि मगच मजकूर उघड. तुझ्या लक्षात येईल की 'गव्हर्न्मेंट', 'इन्फ्रास्ट्रक्चर' असले लांबलचक शब्द तू बरोबर लिहिलेस. रेघा राहिल्या त्या 'ऑफ', 'टु', 'अॅट', 'हॅव बीन' यांच्या जागी. म्हणजे पहिलीच्या पुस्तकातले शब्द.

याचं कारण आपल्या सवयीत आहे. मराठीत 'करण्यात आले आहे' म्हणताना प्रत्येक अक्षराला थोडाफार वेळ मिळतो. इंग्रजी बोलणारा महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले बारके शब्द दाबून टाकतो. कागदावर 'हॅव', तोंडात नुसता 'व्ह'. 'कॅन'चा होतो 'क्न'. आपण पूर्ण 'हॅव'ची वाट बघत बसतो आणि वाक्य पुढे निघून जातं.

आता एक जाहिरात घे, जी तुला नक्की पाठ आहे : 'म्यूच्युअल फंड इन्व्हेस्टमेंट्स आर सब्जेक्ट टु मार्केट रिस्क्स, रीड ऑल स्कीम रिलेटेड डॉक्युमेंट्स केअरफुली.' मोज, बरोबर १४ शब्द. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने आपल्या परिपत्रकात उदाहरण देऊन सांगितलं आहे की हे १४ शब्द निदान ५ सेकंद चालले तर इशारा स्पष्ट आणि समजण्याजोगा मानता येईल. सेकंदाला जेमतेम तीन शब्द. साधारण गतीने बोलणारा इंग्रज माणूसही जवळपास याच वेगाने बोलतो! हे वाक्य तुला समजतं ना? मग वेग ही तुझी अडचण नाही. शब्दांची जोडणी ओळखीची नाही, एवढंच. पुढच्या वेळी ही जाहिरात लागली की नीट ऐक. 'सब्जेक्ट टु'मधला 'टु' आणि 'इन्व्हेस्टमेंट्स'नंतरचा 'आर' किती आखूड होतात ते बघ. मग त्याच चालीत, त्याच वेगात स्वतः म्हण. जे तोंडाला जमतं ते कानाला लवकर कळतं, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

इंग्रजी जाहिराती मला या कामासाठी फार आवडतात. वीस-तीस सेकंदांत गोष्ट संपते आणि दिवसात अनेकदा तीच ऐकायला मिळते. किंमत, तारीख, फोन नंबर, पत्ता, सगळं त्यात असतं. तुझ्या परीक्षेच्या पहिल्या भागात नेमकं हेच विचारतात. फोन नंबरमध्ये शून्याला 'ओ' म्हणतील, दोनदा चार आला तर 'डबल फोर' म्हणतील. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांच्याकडे विशेष लक्ष दे. 'फिफ्टी'चा जोर सुरुवातीला, शेवट तुटका. 'फिफ्टीन'चा शेवट लांबतो, त्यातला 'न' ऐकू यायला हवा. तुझ्या कामात पंधरा मिलिग्रॅम की पन्नास हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये गेल्यावर शंका आली की न लाजता विचार, 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?' यात काहीही कमीपणा नाही, चांगली नर्स असंच विचारते.

आपल्या निवेदकांचं इंग्रजी सोपं वाटायला लागलं की बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम घे. सहा मिनिटांच्या गप्पा असतात आणि मजकूर सोबत मिळतो. आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेत ४० प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. त्यामुळे शेवटचे काही आठवडे एकदाच ऐकून उत्तर लिहायचा सराव वेगळा कर. पण तो शेवटी. आत्ता एकच बातमी वाटेल तितक्या वेळा ऐक.

प्रश्न : इंग्रजी बातम्या, मुलाखती बघताना खाली सबटायटल ठेवावेत का? – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : ठेवा, पण इंग्रजीच. हिंदी किंवा मराठी ठेवले तर आपण वाचत बसतो आणि कान सुट्टीवर जातो. आधी एकदा सबटायटलशिवाय, मग लावून, मग पुन्हा काढून. यूट्यूबवर आपोआप उमटणारे शब्द नावांमध्ये आणि आकड्यांमध्ये हमखास चुकतात, तिथे आपल्या कानावर जास्त भरवसा ठेवा.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो, राहणार सांगली. मुलगा अमेरिकेत आहे. नातू सहा वर्षांचा, व्हिडिओ कॉलवर भराभर इंग्रजी बोलतो. मला काही उमगत नाही, मग तो कंटाळून निघून जातो. या वयात कान तयार होईल का?

उत्तर : काका, नक्की होईल. तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. तुम्हाला बीबीसीची गरज नाही, तुम्हाला नातवाची भाषा हवी.

क्रिकेट बघत असाल तर रेडिओवरची इंग्रजी कॉमेंट्री ऐका. टीव्हीवर चित्र दिसतं म्हणून समालोचक पुष्कळदा गप्प राहतो. रेडिओवर त्याला प्रत्येक चेंडू शब्दांत सांगावा लागतो. काय घडू शकतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे अर्धी वाक्यं आपोआप कळतील. इंग्रजी ऐकायची भीती त्याने जाईल.

नातवाचे उच्चार मात्र अमेरिकन. त्यांच्या तोंडी 'वॉटर'चा 'वॉडर' होतो, 'ट्वेंटी'चा 'ट्वेनी', 'वाँट टु'चा 'वॉना'. एवढं माहीत झालं तरी बरंच उलगडेल. आणि सुनेला विचारा, तो हल्ली कोणतं कार्टून बघतो. तिथे १९६९ पासून चालत आलेला 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम आहे, त्याचे छोटे छोटे तुकडे यूट्यूबवर आहेत. बोलणं स्पष्ट, वाक्यं लहान. तो बघतो त्यातलाच एक तुकडा निवडा, आठवडाभर रोज बघा आणि पुढच्या कॉलवर त्यातल्या पात्राचं नाव घेऊन त्याला एक प्रश्न विचारा. उत्तर कळलं नाही तर 'से इट अगेन, बाळा' म्हणा. आजोबांना शिकवायला मिळतंय म्हटल्यावर तो कॉल सोडून जाणार नाही.