जर्मनीत हॅनोव्हरला भरणाऱ्या यूरोटियर या पशुपालन प्रदर्शनाला जायचंय, घरी गाईंचा गोठा आहे. व्हिसापासून बुटांपर्यंत काय तयारी करावी?

यूरोटियर सम वर्षी, नोव्हेंबरात भरतं. व्हिसाचं काम गणपतीच्या आधीच हातात घ्या. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह बहुतेक युरोपला चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी.

अर्ज बिझनेस प्रकारात करा. नुसतं प्रवेशाचं तिकीट पुरत नाही. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा, आणि एखाद्या कंपनीशी भेट ठरली असेल तर तिचंही जोडा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा.

गोठेवाल्यांचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या कागदांवर. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दुधाचंही तसंच, अशी समजूत असते. आयकरात दुधाचं उत्पन्न शेतीत धरत नाहीत. खात्यात दर दहा दिवसांनी दूध संघाचे पैसे जमा होतात आणि रिटर्नमध्ये त्यांचा पत्ता नाही, हे तपासणाऱ्याच्या लगेच नजरेत येतं. रिटर्न आधी सीएकडून नीट करून घ्या. सोबत 6 महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दूध बिलं आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर लावा.

आता बूट. आपल्याकडे जनावरांत लाळ्या-खुरकूत हा संसर्गजन्य रोग आहे. जर्मनीत 1988 नंतर तो थेट जानेवारी 2025 मध्ये, ब्रांडेनबुर्गमधल्या म्हशींच्या कळपात सापडला. तिथले लोक याबाबत कडक आहेत आणि ते बरोबरच आहे. गोठ्यात कधीच न वापरलेले बूट न्या. गोठ्यातलेच न्यायचे असतील तर आधी तळव्याच्या खाचांतलं शेण ब्रशने व साबणाने पूर्ण काढा, मग धुण्याच्या सोड्याच्या 4 टक्के द्रावणात (लिटरला 40 ग्रॅम) दहा मिनिटं ठेवा. शेण राहिलं तर द्रावण विषाणूपर्यंत पोचतच नाही. तिथला एखादा फार्म बघायचा असेल तर 'आधी किती दिवस जनावरांपासून लांब राहायचं' हे मालकाला ईमेलवर विचारून घ्या.

सामानात तूप, पेढे, पनीर, मटणाचं लोणचं नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. येताना सीमेनच्या (वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या) कांड्या कुणी 'नमुना' म्हणून दिल्या तरी घेऊ नका. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या आयात परवान्याशिवाय त्या आणता येत नाहीत.

प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोव्हरच्या हॉटेलांची भाडी अंगावर येतात. हिल्डेसहाइम किंवा त्सेलेला राहून रोज रेल्वेने या. शहरातून मैदानावर ट्रॅमही जाते.

दूध काढायचं मशीन बघताना विजेची काळजी नको, 50 हर्ट्झ दोन्हीकडे. विचारायचं ते सुट्या भागांचं: रबरी लायनर (सडाला लागणारी आतली नळी) साधारण 2,500 दोहनांनंतर बदलावे लागतात, ते महाराष्ट्रात कुणाकडे, किती दिवसांत मिळतात? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या स्टॉलकडे वळा.