डोहात फ्लाय खाली जाऊ दे

उत्तराखंडातल्या रामगंगा नदीच्या डोहात फ्लायने (पिसं-दोऱ्याच्या नकली आमिषाने) महसीर मासा गळाला लावायचा तर तरंगती लाइन, म्हणजे गळाची दोरी, घरीच ठेव. संथ, खोल पाण्यात मोठा मासा दिवसा तळाशी असतो. तिथवर फ्लाय पोचलीच नाही तर नुसता हात दुखेल. आठ वेटचा (म्हणजे मोठ्या माशाला पुरेल इतका दणकट) रॉड, टाइप-३ सिंकिंग, म्हणजे बुडणारी, लाइन आणि लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) आखूड, चार-पाच फुटांचा. लांब लीडर लावलास की लाइन बुडते आणि फ्लाय वरच लोंबकळते.

लाइन टाकल्यावर सेकंद मोज. ही लाइन सेकंदाला साधारण ३ इंच उतरते, म्हणजे वीस सेकंदांत पाच फूट. काही लागलं नाही तर पुढच्या वेळी तीस, मग चाळीस. फ्लायला शेवाळ लागून आलं, म्हणजे ती तळाला टेकली, की पाच सेकंद कमी कर, तीच तुझी खोली. मग रॉडचं टोक पाण्याला टेकवून लाइन वीतभर ओढ, थांब, पुन्हा ओढ. दणका बहुतेक वेळा थांबल्यावरच बसतो. तेव्हा रॉड उचलायचा नाही (ट्राउट मासा पकडणाऱ्यांची ही खोड जाता जात नाही), लाइनच सरळ मागे खेचायची.

भर दुपारी उगाच घाम गाळू नकोस. पहाटे आणि सांजेला डोहाच्या तोंडाशी, खळाळ येऊन मिळतो तिथे बघ. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाक, म्हणजे मासा पाण्यातच सोडता येतो. आणि मासेमारीचा परवाना निघण्यापूर्वी काढ.