एडिंबरात राहून टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना एडिंबरात नोकरी लागली आहे, मुलगा नऊ वर्षांचा आणि क्रिकेटवेडा आहे, पुढेमागे तिथलं नागरिकत्व घ्यायचाही विचार आहे. तिथे राहून भारताच्या बाजूने ओरडलेलं चालतं का, ऑफिसात आणि शाळेत 'तुम्ही कोणाकडून' असं विचारतात का, आणि उद्या मुलगा त्यांच्याच संघाचा झाला तर काय करायचं? व्हिसा, घरभाडं, शाळाप्रवेश यांवर सांगणारे बरेच भेटतील, म्हणून मी फक्त यावरच लिहितो. मी आधी एडिंबरात होतो, आता बर्मिंगहॅमला आहे. दोन्हीकडचा अनुभव आहे.

पहिली गोष्ट, एडिंबर ही स्कॉटलंडची राजधानी, तिथे गेल्यावर 'आम्ही इंग्लंडला आलो' असं म्हणू नका. गावाकडच्या आत्याला सांगितलंत तर चालेल, शेजाऱ्याला नाही. आपण भारतातून बघतो तेव्हा ब्रिटन, इंग्लंड, यूके सगळं एकच वाटतं. खेळात तर तसं अजिबात नाही. ऑलिंपिकला सगळ्यांची मिळून एक 'टीम जीबी' असते. फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार वेगळे संघ. राष्ट्रकुल स्पर्धेतही वेगवेगळे. रग्बीत आयर्लंडचा संघ अख्ख्या बेटाचा, म्हणजे त्यात यूकेचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडचे खेळाडूही आले. क्रिकेटमध्ये ज्याला आपण इंग्लंड म्हणतो तो इंग्लंड आणि वेल्स यांचा संघ, स्कॉटलंडचा वेगळा. गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय उत्तर आयर्लंडचा, पण टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून खेळला, कारण उत्तर आयर्लंडच्या खेळाडूला टीम जीबी आणि आयर्लंड यांतून निवडता येतं. ज्या देशाच्या लोकांनी स्वतःच असा गुंता करून ठेवलाय, ते तुमच्याकडे एका वाक्यातलं उत्तर मागत बसत नाहीत.

टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण एडिंबरात तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. तो स्कॉटलंडमधल्या डनब्लेनचा. २००६ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, फुटबॉल विश्वचषकात कोणाला पाठिंबा देणार असं विचारल्यावर तो गमतीने म्हणाला, इंग्लंडविरुद्ध जो खेळेल त्याला. ती गंमत त्याला पुढे कित्येक वर्षं महागात पडली. २०१३ मध्ये त्याने विम्बल्डन जिंकलं, १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर ७७ वर्षांनी एका ब्रिटिश पुरुषाने, आणि सगळा देश त्याला आपला म्हणू लागला. जिंकला की ब्रिटिश, हरला की स्कॉटिश, हा विनोद तेव्हाचा. परदेशी मुळाच्या खेळाडूंनाही पुढे हेच वाट्याला येतं, फक्त तिथे त्याला कोणी विनोद म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. १९९० मध्ये हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी एका अमेरिकी वृत्तपत्राला मुलाखत देताना एक कसोटी सुचवली: ब्रिटनमधले आशियाई लोक क्रिकेटमध्ये कोणाला पाठिंबा देतात ते बघा, त्यावरून ते इथे रुळलेत की नाही ते कळेल. 'क्रिकेट टेस्ट' या नावाने ती आजही ओळखली जाते. २००१ मध्ये खुद्द नासिर हुसेन, जो चेन्नईत जन्मला आणि इंग्लंडचा कर्णधार झाला, त्यानेही इथे जन्मलेली आशियाई पोरं इंग्लंडच्या बाजूने का उभी राहत नाहीत अशी खंत बोलून दाखवली होती. त्याचं म्हणणं मी समजू शकतो, त्याला मैदानावर ऐकावं लागत होतं. टेबिट यांचं मात्र मला कधीच पटलं नाही. कर भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात, शेजारच्या आजीबाईंचा कचऱ्याचा डबा आपण बाहेर काढून ठेवतो, आणि रुळलो की नाही ते कोहलीच्या शतकावर ठरणार? शिवाय हीच कसोटी लावायची तर इंग्लंड हरल्यावर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोतल्या पबमध्ये जो जल्लोष होतो त्याचं काय करायचं?

प्रत्यक्षात काय होतं ते बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर या आणि बघा. ३० जून २०१९ ला विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना तिथे झाला. इंग्लंडच्या घरच्या मैदानावर स्टँडच्या स्टँड निळे, ढोल, ताशे, सगळं. इंग्लंड ३१ धावांनी जिंकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी यथेच्छ खेचली गेली आणि विषय संपला. इथे अशी चेष्टा म्हणजे तुम्हाला गटात घेतल्याची खूण. बिनधास्त सांगा की मी भारताकडून. उगाच इंग्लंडचं कौतुक करायला जाऊ नका, लगेच कळतं, आणि खेळाच्या बाबतीत दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला इथेही कोणी फार मानत नाही.

पण याच एजबॅस्टनवर २०१४ मध्ये घडलेलं मला अजून खटकतं. टी-ट्वेंटी सामन्यात इंग्लंडच्या मोईन अलीची हुर्यो उडवली गेली. तो बर्मिंगहॅमचाच, त्याच गल्ल्यांत वाढलेला. हुर्यो उडवणारे होते भारताचे पाठीराखे, त्यातले कितीतरी स्वतः इथे जन्मलेले. त्याचा गुन्हा काय, तर दिसायला आपल्यासारखा असून इंग्लंडचा शर्ट, आणि घराण्याची मुळं पाकिस्तानातली. भारताला पाठिंबा देणं वेगळं आणि हे वेगळं. ऑगस्ट २०२२ मध्ये आशिया चषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात तणाव सुरू झाला, सप्टेंबरमध्ये तो हाणामारीपर्यंत गेला. त्यामुळे माझा सल्ला: मैदानात घसा बसेपर्यंत ओरडा, सामना संपल्यावर रस्त्यावर मिरवणूक काढणाऱ्या टोळक्यात मुलाला घेऊन जाऊ नका.

नागरिकत्वाचं विचारलंत. तिथे पोचायला वेळ लागतो आणि नियम सतत बदलतात, म्हणून वर्षांचा हिशेब सरकारी संकेतस्थळावरच बघा. 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा असते: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर यायला हवेत. तिच्या पुस्तकात खेळाडूंवर चांगला मजकूर आहे, धावपटू रॉजर बॅनिस्टरपासून मो फाराहपर्यंत. पण शेवटी समारंभात राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेता, त्यात क्रिकेट संघाचा उल्लेख नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) काढता येतं. इथे एक गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. २००८ पासून भारत सरकारचं धोरण आहे की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय चालत नाही. तुमचा मुलगा खरंच चांगला खेळणारा असेल तर मुलाचा पासपोर्ट बदलण्याआधी याचा विचार करून ठेवा. बाकी कशासाठी नाही, पण यासाठी घाई नको.

मुलगा त्यांचा होईल का? थोडा होईल, आणि तो क्रिकेटमुळे नव्हे, फुटबॉलमुळे. २००५ नंतर इंग्लंडमधले कसोटी सामने पैसे भरून घ्यायच्या वाहिनीवर गेले, तर ऑलिंपिक आणि फुटबॉल विश्वचषक फुकट दिसतात (टीव्ही लायसन्सचे पैसे सोडून, हा प्रकार इथे आल्यावर कळेल). त्यामुळे शाळेत मधल्या सुट्टीत गप्पा फुटबॉलच्या. त्यात स्कॉटलंडचे पुरुष १९९८ नंतर पहिल्यांदाच, २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरले. वर्गातल्या सगळ्यांच्या अंगात स्कॉटलंडचा गडद निळा शर्ट असताना तुमचा पोरगा एकटा कोपऱ्यात बसेल, अशी अपेक्षा करू नका. माझी मुलगी क्रिकेटमध्ये भारताची, फुटबॉलमध्ये इंग्लंडची आणि ऑलिंपिकला टीम जीबीची आहे. तिला यात काही विसंगत वाटत नाही. आपली मंडळी अशा वेळी सासर-माहेरची उपमा देतात. मला ती जुळत नाही, कारण मुलांनी काही सोडलेलंच नसतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर ब्रिटिश खेळाडूंसाठी मी ओरडायला लागलो ते ॲथलेटिक्समुळे. जोश कर एडिंबरचाच, २०२३ ला बुडापेस्टमध्ये १५०० मीटरचा विश्वविजेता झाला. ज्या रस्त्यांवर आपण पावसात बसची वाट पाहिली तिथला पोरगा शेवटच्या शंभर मीटरला पुढे निघतो, तेव्हा आपण आपोआप उभे राहतो, ते कोणी सांगावं लागत नाही. आणि उलटही होतं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये धावला. या शर्यतीत वर्षानुवर्षं तिन्ही पदकं केनियाची. शेवटच्या फेरीत मी मराठीत बोंबलत होतो, आणि शेजारचं इंग्रज कुटुंब काही न कळता माझ्याबरोबर 'साबले, साबले' करत होतं. अवघ्या ०.०५ सेकंदाने सुवर्ण हुकलं, रौप्य मिळालं. त्या गृहस्थांना बीड कुठे आहे ते नकाशावर दाखवावं लागलं.

काळी बाजूही सांगतो, म्हणजे नंतर म्हणायला नको. जुलै २०२१ ला फुटबॉलच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि काही तासांत त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. तिघेही इंग्लंडमध्ये जन्मलेले. मँचेस्टरमधलं रॅशफर्डचं भित्तिचित्र विद्रूप केलं गेलं, मग लोकांनी ते चिठ्ठ्या आणि झेंडे लावून झाकलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात, स्थलांतरितांविरोधी निदर्शनांच्या काळात, इंग्लंडमध्ये दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले, त्यामागे कुठलाही सामना नव्हता, आणि माझ्यासारख्या अनेकांना ते बघून बरं वाटलं नाही. फुटबॉलच्या दिवसांत तोच झेंडा खिडकीत दिसला तर काही वाटत नाही. फरक ओळखायला शिकाल.

मुलाच्या क्रिकेटचं: एडिंबरात ग्रेंज क्लबचं मैदान आहे. जून २०१८ मध्ये तिथेच स्कॉटलंडने ३७१ धावा करून इंग्लंडला सहा धावांनी हरवलं होतं. कनिष्ठ गटांसाठी आसपासच्या क्लबांची चौकशी मार्च-एप्रिलमध्येच करा, हंगाम छोटा असतो. आणि भारताची जर्सी आणणार असाल तर दोन साइझ मोठी आणा. जूनमध्येही आत थर्मल आणि स्वेटर घालूनच ती चढवावी लागते.